त्रयस्थ गुणवत्ता तपासणी, बांधकामातील
विकासक व कंत्राटदार यांच्याशी हितसंबंध नसलेल्या संस्थेने बांधकामाचे साहित्य, कारागिरी व संरचना मानकांशी ताडून पाहण्याची पद्धत.

हिचे मूळ जहाजांच्या विम्यासाठी होणाऱ्या तपासणीत आहे. अँटवर्प येथे १८२८ मध्ये स्थापन झालेली ब्यूरो व्हेरिटास ही त्या क्षेत्रातील जुनी संस्था. फ्रान्समध्ये १९७८ च्या स्पिनेटा कायद्याने इमारतींसाठी दहा वर्षांचे दायित्व, विमा व तपासणी यांची सांगड घातली.

तपासणीचा गाभा काँक्रीट [⟶ काँक्रीट]. भारतीय मानक ४५६ नुसार ५ घ.मी.पर्यंतच्या कामास किमान एक नमुना लागतो. त्याचे १५० मिमी. बाजूचे तीन ठोकळे २८ दिवसांनी दाबयंत्रात फोडतात. ठोकळा साच्यात नीट ठासलेला असतो. खांबातले काँक्रीट तसेच असेल असे नाही. म्हणून ओतकामापूर्वी सळयांचे अंतर व आवरण मोजतात आणि नंतर गरजेनुसार प्रतिक्षेप हातोडा, श्राव्यातीत स्पंदवेग यांसारख्या अविनाशी चाचण्या घेतात [⟶ अविनाशी परीक्षण]. तपासनिसाचे शुल्क कंत्राटदाराच्या हातून गेल्यास त्रयस्थपणा नावापुरता उरतो.

काही क्षेत्रांत त्रयस्थ तपासणी ठरलेलीच असते; उदा., चेन्नईच्या आवडी उपनगरात तयार होणारे रणगाडे कारखान्याबाहेरची संरक्षण गुणवत्ता यंत्रणा तपासते. खासगी इमारतींना अशी सक्तीची तपासणी नाही. चेन्नईच्याच मौलिवाक्कम उपनगरात २८ जून २०१४ रोजी बांधकाम चालू असलेली ११ मजली इमारत कोसळून ६१ जण दगावले. तिची जोडइमारत २ नोव्हेंबर २०१६ रोजी स्फोटकांनी पाडण्यात आली. चेन्नईतील पुलियांतोपच्या के. पी. पार्क या सरकारी वसाहतीतही २०२१ मध्ये गिलावा हातानेच निघू लागल्यावर तपासणी आयआयटी मद्रासकडे सोपवली गेली. तोवर रहिवासी राहायला आले होते.

भारतात स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेला संरचनात्मक दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो.