कोलोसस : तीन दशके अज्ञात राहिलेला संगणक

दुसऱ्या महायुद्धातील कूटसंदेशांचा विषय निघाला की ‘एनिग्मा’ आणि ॲलन ट्युरिंग ही नावे प्रथम पुढे येतात. एनिग्मासाठी इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे वापरलेले ‘बॉम्ब’ हे यंत्र विद्युत-यांत्रिक होते. ‘कोलोसस’ हा इलेक्ट्रॉनिक संगणक मात्र ‘लॉरेन्झ’ या निराळ्याच जर्मन यंत्रासाठी उभारला गेला. जर्मनीच्या सर्वोच्च सेनाधिकाऱ्यांचे संदेश लॉरेन्झवरून जात.

टेलिप्रिंटरला जोडलेल्या या यंत्रात १२ चक्रे असत. संदेशातील प्रत्येक अक्षरात चक्रांनी निर्माण केलेले दुसरे अक्षर मिसळले जाई. पलीकडच्या यंत्राने तेच अक्षर पुन्हा मिसळले की मूळ मजकूर प्रकट होई.

३० ऑगस्ट १९४१ रोजी एका जर्मन कर्मचाऱ्याने सुमारे ४,००० अक्षरांचा संदेश चक्रांची मांडणी न बदलता, किरकोळ फेरफार करून दोनदा पाठविला. त्यावरून जॉन टिल्टमन यांनी दोन्ही मजकूर उकलले, तर तरुण गणिती बिल टट यांनी यंत्र कधीही न पाहता त्याची संपूर्ण अंतर्रचना निश्चित केली.

चक्रांची मांडणी शोधण्यासाठी लागणारी मोजणी हातांनी करणे अशक्यप्राय होते. मॅक्स न्यूमन यांच्या कल्पनेतून तयार झालेल्या ‘हीथ रॉबिन्सन’ यंत्रात छिद्रे पाडलेल्या दोन कागदी फिती एकाच लयीत धावाव्या लागत. त्या ताणल्या जात, तुटत. टपाल खात्यातील अभियंता टॉमी फ्लॉवर्स यांनी एक फीत काढून टाकून तिचे काम व्हॉल्व्हकडे सोपविण्याचे सुचविले. इतके व्हॉल्व्ह सतत बिघडतील, अशी शंका अनेकांनी घेतली. यंत्र बंद-चालू न करता अखंड सुरू ठेवल्यास व्हॉल्व्ह दीर्घकाळ टिकतात, हे फ्लॉवर्स यांना टेलिफोन यंत्रणेच्या अनुभवावरून ठाऊक होते.

सुमारे १,६०० व्हॉल्व्हच्या कोलोससने ५ फेब्रुवारी १९४४ रोजी पहिला प्रत्यक्ष संदेश हाताळला. सेकंदाला ५,००० अक्षरे वाचण्याची त्याची क्षमता होती. सुधारित आवृत्ती १ जून १९४४ रोजी, नॉर्मंडीवरील चढाईच्या पाच दिवस आधी, कार्यान्वित झाली. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रे उभी राहिली. महिला नौदलातील तरुणी ती चालवीत.

कोलोससमध्ये आज्ञावली साठविण्याची सोय नव्हती. काम बदलायचे तर खटके आणि तारांची जोडणी बदलावी लागे. त्यामुळे आजच्या अर्थाने तो सर्वकामी संगणक ठरत नाही.

युद्धानंतर बहुतेक यंत्रे मोडण्यात आली. आदेशानुसार फ्लॉवर्स यांनी आपले आराखडे जाळले. १९४६ मध्ये अमेरिकेच्या ‘एनिॲक’चे जाहीर प्रदर्शन झाले, तेव्हा पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचा मान त्याला मिळाला; गोपनीयतेच्या बंधनामुळे फ्लॉवर्स यांना प्रतिवाद करता आला नाही. १९७० च्या दशकात ही माहिती हळूहळू उघड झाली. फ्लॉवर्स यांचे १९९८ मध्ये निधन झाले. टोनी सेल यांच्या चमूने पुन्हा उभारलेला कोलोसस आज ब्लेचली येथील राष्ट्रीय संगणन संग्रहालयात पाहता येतो.