घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

गेल्या महिन्यात घर बदललं. नव्या हॉलमध्ये जुनं स्टडी टेबल काही मावेना, म्हणून एका साइटवर आठ हजारांना विकायला टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी विकत होतो! दहाव्या मिनिटाला फोन. समोरचा म्हणाला, लष्करात आहे, नुकतीच पुण्यात बदली झालीय, टेबल आवडलं. किंमत? "ठीक आहे." बघायला कधी येताय? "फोटोत दिसतंय की. पैसे आत्ताच पाठवतो, संध्याकाळी टेम्पोवाला येईल." पाठोपाठ मोबाईलवर क्यूआर कोड. "स्कॅन करा, पिन टाका, आठ हजार जमा होतील."

स्कॅन केला. पिन टाकणार एवढ्यात आईनं चहाला हाक मारली. दोन मिनिटांनी परत स्क्रीन बघितली, तर आठ हजाराच्या शेजारी चक्क 'पे' लिहिलेलं! मी पोटापाण्यासाठी पेमेंटचंच सॉफ्टवेअर लिहितो, हे इथे कबूल करायला लाज वाटते. मला अकलेनं नाही, चहानं वाचवलं.

मग शनिवार-रविवार हेच डोक्यात. विकणाऱ्याला टोपी घालणारं गिऱ्हाईक इंटरनेटनं जन्माला घातलं का? छे! प्रश्न जुना आहे. समोरासमोर सौदा असला की एका हातानं द्यायचं, दुसऱ्या हातानं घ्यायचं. पण मध्ये अंतर आलं की कुणाला तरी आधी हात सोडावा लागतो. माल आधी की पैसे आधी? दूरच्या व्यापाराचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

आपल्याकडच्या सराफांनी यावर हुंडी वापरली. त्यातला एक प्रकार शाहजोग हुंडी. तिचे पैसे कुणाही सोम्यागोम्याला मिळत नसत, बाजारात पत असलेल्या 'शाहा'लाच मिळत. म्हणजे अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचाच नाही, मध्ये ओळखीचा माणूस उभा करायचा.

पुढे हा मधला माणूस झाला पोस्टमन. १८७७ साली हिंदुस्थानात व्ही.पी. सुरू झाली. गिऱ्हाइकानं पैसे मोजले तरच पार्सल त्याच्या हातात, आणि पैसे पोस्टामार्फत विकणाऱ्याला. जुन्या मासिकांतल्या "व्ही.पी.ने मागवा" जाहिराती आठवतात ना? त्याच या. उधारी बुडायची भीती गेली, पण गिऱ्हाइकानं पार्सल नाकारलं तर विकणाऱ्याला भुर्दंड होताच. २०१० मध्ये फ्लिपकार्टनं कॅश ऑन डिलिव्हरी आणली, तेव्हा तीच युक्ती नव्या कपड्यांत परत आली. आणि परत आलेल्या खोक्यांची डोकेदुखीही!

तिकडे अमेरिकेत १९९५ मध्ये पिएर ओमिड्यारनं लिलावाची साइट काढली, तीच पुढे ईबे झाली. तिथे ना शाह, ना पोस्टमन. त्यानं १९९६ मध्ये फीडबॅक आणला: सौदा झाल्यावर दोघांनी एकमेकांना शेरा द्यायचा. म्हणजे बाजारातली पत आता आकड्यांत! पण विक्रेते वाईट शेऱ्याचा बदला वाईट शेऱ्यानं घ्यायला लागले आणि गिऱ्हाइकं खरं बोलायला घाबरू लागली. म्हणून २००८ मध्ये ईबेनं विक्रेत्यांचा गिऱ्हाइकाला वाईट शेरा द्यायचा हक्कच काढून घेतला. एकाला वाचवायला गेलं की दुसरा थोडा उघडा पडतो, हे असं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मात्र चेकनं. १९८७ च्या अमेरिकी कायद्यानं बँकांवर बंधन घातलं की ग्राहकानं भरलेल्या चेकचे पैसे ठराविक दिवसांत त्याला वापरायला द्यायचे. बँकेच्याच नावाचा चेक असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी. हेतू चांगला होता. पण खात्यात पैसे दिसणं आणि चेक खरोखर वटणं यांत फट राहिली. ठकांनी ती हेरली. 'गिऱ्हाईक' ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा चेक पाठवायचं आणि म्हणायचं, "चुकून जास्त आले, वरचे माझ्या ट्रान्सपोर्टवाल्याला पाठवा." विक्रेता खात्यातला आकडा बघून पाठवायचा. काही दिवसांनी चेक खोटा निघायचा आणि बँक सगळी रक्कम विक्रेत्याकडूनच वसूल करायची.

सांगायचा मुद्दा असा की ठक यंत्रणा फोडत नाही. यंत्रणा कशी चालते आणि ती कशी चालते असं नवख्या माणसाला वाटतं, या दोहोंमधल्या फटीत तो राहतो.

यूपीआयचंही तेच झालं. २०१६ मध्ये ते आलं आणि त्यात 'कलेक्ट रिक्वेस्ट' होती, म्हणजे समोरच्याकडे पैसे मागायची सोय. ठकांनी मागण्यालाच देणं म्हणून खपवलं. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय बंद केली गेली. पण क्यूआर कोड आहेच. रोज विकणाऱ्या भाजीवाल्या मावशींना कुणी असा फसवून दाखवावा! त्यांचा कोड गाडीवर चिकटवलेला असतो आणि स्कॅन गिऱ्हाईक करतं. फसतो तो माझ्यासारखा, ज्यानं कोड नेहमी पैसे देण्यासाठीच वापरलाय, घेण्यासाठी कधीच नाही.

तर मंडळी, इतिहासातून मी चार गोष्टी गाठीला बांधल्यात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. आलेल्या पैशांचा मेसेज किंवा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, आपल्या खात्यात स्वतः जाऊन बघायचं. "जास्त आले, परत करा" म्हटलं की आपण काही पाठवायचं नाही, बँकेला विचारायचं. आणि शक्य तिथे समोरासमोर, माल दाखवून. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन.

पाचवी गोष्ट चहाची. या सगळ्या कहाण्यांत एक सामान सारखं आहे: घाई. ज्याला खरंच टेबल हवंय तो दोन मिनिटं थांबतो.

माझं टेबल शेवटी एका नवीन लग्न झालेल्या जोडप्यानं नेलं. दोनदा येऊन बघितलं, खण उघडून-बंद करून पाहिले, एक पाय डगमगतो म्हणून कुरकुर केली आणि घासाघीस करून साडेसहा हजारांवर आणलं.

इतकं हायसं वाटलं की बास!