मेथॉडिस्ट शिस्त आणि आरोग्य

देह ही ईश्वराने सोपविलेली ठेव होय, अशी जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांची श्रद्धा होती. त्यांच्या ‘प्रिमिटिव्ह फिजिक’ (१७४७) या ग्रंथातील अनेक उपचार आज ग्राह्य नाहीत. मिताहार व व्यायाम यांचा आग्रह मात्र योग्यच होता. तथापि अनुयायांच्या सवयी पालटण्यास केवळ ग्रंथ पुरेसा नव्हता. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथे प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सुमारे बारा-बारा सभासदांचे गट पाडण्यात आले. दर आठवड्यास एक पेनी गोळा करण्यासाठी घरोघर जाणाऱ्या गटप्रमुखांना कोठे मद्यपान, कोठे पतिपत्नींचा कलह आढळला. वसुलीची व्यवस्था अशा रीतीने आचरणाच्या साप्ताहिक विचारपुशीची झाली. १७४३ च्या नियमांनी मद्यधुंदपणा निषिद्ध ठरविला. तीव्र मद्याला अपवाद केवळ निकडीच्या प्रसंगाचा. तिमाही तपासणीत न उतरणाऱ्यास सभासदपत्रिका नाकारली जाई.