‘थ्री-फ्री’ची कुळकथा

नेलपॉलिशच्या बाटलीवर हल्ली ‘थ्री-फ्री’, ‘फाइव्ह-फ्री’, ‘टेन-फ्री’ असं छापलेलं असतं. आकड्याइतकी घातक रसायनं यात नाहीत, असं उत्पादक त्यातून सांगतो. या सगळ्या छापांचा मूळपुरुष ‘थ्री-फ्री’. त्याचा माग काढत गेलं की आपण आधी स्फोटकांपाशी पोचतो आणि मग मोटारींच्या रंगापाशी.

१८४६ मध्ये बाझेलच्या ख्रिश्चन शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून गनकॉटन, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं स्फोटक रूप, तयार केलं. नायट्रोजनचं प्रमाण थोडं कमी ठेवलं, तर तेच नायट्रोसेल्युलोज द्रावकात विरघळतं आणि सुकल्यावर चकचकीत पापुद्रा धरतं. १९२०च्या दशकात अमेरिकेत मोटारी रंगवायला त्याचं लॅकर वापरू लागले, कारण ते झटपट वाळे. नखांचं लॅकर हे त्याचंच भावंड. चार्ल्स आणि जोसेफ रेव्हसन हे भाऊ आणि रसायनांचा जाणकार चार्ल्स लॅकमन यांनी १९३२ मध्ये न्यूयॉर्कला रेव्हलॉन कंपनी काढली, तीही रंगद्रव्य घातलेल्या अशाच गडद नेलपॉलिशच्या जोरावर.

नायट्रोसेल्युलोजचा थर चमकतो, पण ठिसूळ असतो. नख वाकलं की त्याचे टवके उडतात. तो लवचीक राहावा म्हणून डायब्युटिल थॅलेट, म्हणजे डीबीपी, घालू लागले. रंग ब्रशवरून सरळ उतरावा, मध्येच गोळा होऊ नये, म्हणून टोल्युइन आलं. तिसरं फॉर्मल्डिहाइड. ‘थ्री-फ्री’तली तीन रसायनं ती हीच. ते नखातल्या केराटिनचे धागे एकमेकांना जखडतं, म्हणून नख कडक करणाऱ्या द्रावणांत ते असे. शिवाय थर नखाला धरून राहावा म्हणून जी राळ वापरत, तीही फॉर्मल्डिहाइडपासूनच बनलेली. या राळेची ॲलर्जी बहुधा बोटांवर दिसतच नाही. ती उठते पापण्यांवर आणि मानेवर, जिथे नखं सहज लागतात तिथे. पापणी सुजलेल्या बाईला नेलपॉलिशचा संशय कसा यावा?

टोल्युइनच्या वाफेने डोकं दुखतं, चक्कर येते आणि जास्त मात्रेत मज्जासंस्थेला व गर्भाला इजा होते. डीबीपीमुळे प्राण्यांवरच्या प्रयोगांत नर-पिल्लांच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष दिसले. फॉर्मल्डिहाइडने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला.

मग कायदा काय करत होता? अमेरिकेत १९३८च्या कायद्याने सौंदर्यप्रसाधनं अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या, कक्षेत आली. पण रंगद्रव्यं सोडली, तर बाजारात येण्याआधी कशालाच मंजुरी लागत नसे. त्याचा परिणाम नकली नखांच्या बाबतीत दिसला. १९५४ मध्ये फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्याचं नख तुटलं आणि त्याने दातांसाठीच्या ॲक्रिलिकने ते जोडून घेतलं. त्यातून ॲक्रिलिक नखांचा धंदा उभा राहिला आणि त्यात मिथाइल मेथॅक्रिलेट सर्रास वापरलं जाऊ लागलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नखं विद्रूप झाल्याच्या, कातडीला दाह झाल्याच्या तक्रारी आल्या. एफडीए कोर्टात गेली, काही माल जप्त झाला, एका कंपनीला मनाई हुकूम मिळाला. पण देशभर लागू होणारा बंदीचा नियम काही झाला नाही. पुढे अनेक राज्यांनी आपापल्या पातळीवर बंदी घातली.

त्याच सुमारास हा धंदा कोणाच्या हातात गेला, तेही सांगायला हवं. १९७५ मध्ये सायगाव पडल्यावर कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या छावणीत व्हिएतनामी निर्वासित बायका होत्या. त्यांना भेटायला येणाऱ्या अभिनेत्री टिपी हेड्रनच्या नखांचं त्यांना फार अप्रूप वाटे. हेड्रनने आपली मॅनिक्युरिस्ट तिथे आणली आणि वीसेक जणींना ते काम शिकवलं. आज अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक मॅनिक्युरिस्ट व्हिएतनामी वंशाच्या आहेत. परक्या देशात भाषा न येता पोट भरण्याची सोय झाली, हे खरंच मोठं काम झालं. पण दिवसभर त्या वाफेत बसण्याचं काम याच बायकांच्या वाट्याला आलं. दुकानात विकायच्या बाटलीवर घटकांची यादी छापणं अमेरिकेत १९७०च्या दशकातच सक्तीचं झालं होतं, पण सलूनमध्ये वापरायच्या व्यावसायिक मालाला त्यातून सूट होती. जिला सर्वांत जास्त धोका, तिच्याच हातातली बाटली मुकी. कॅलिफोर्नियाने ही सूट रद्द करणारा कायदा २०१८ मध्ये केला आणि तो लागू झाला २०२० मध्ये.

डीबीपीच्या बाबतीत चक्रं आधी फिरली. २००० मध्ये अमेरिकी सरकारच्या संशोधकांनी २८९ लोकांची लघवी तपासली. तेव्हा बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांमध्ये डीबीपीचे अंश इतरांपेक्षा जास्त आढळले. युरोपीय संघाने २००४च्या निर्देशाने ते सौंदर्यप्रसाधनांतून काढायला लावलं. एकच कंपनी युरोपात एक आणि अमेरिकेत दुसरी बाटली विकू लागली, तेव्हा ग्राहक संघटनांनी जाब विचारला. २००६च्या सुमारास ओपीआयसारख्या बड्या कंपन्यांनी अमेरिकेतही डीबीपी सोडलं. ‘थ्री-फ्री’चा छाप रुळला तो याच काळात. तो कोणत्याही सरकारने दिलेला नाही, कंपन्यांनी स्वतःच लावून घेतलेला आहे.

आणि तो तपासला गेला तेव्हा उघडा पडला. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विषारी पदार्थ नियंत्रण विभागाने सॅन फ्रान्सिस्को परिसरातली २५ उत्पादनं तपासली. टोल्युइन नाही म्हणणाऱ्या १२ पैकी १० उत्पादनांत टोल्युइन सापडलं. तिन्ही रसायनं नाहीत म्हणणाऱ्या ७ पैकी ५ मध्ये त्यांतलं किमान एक तरी होतंच.

छाप खरा असला तरी एक गोष्ट तो सांगत नाही: काढलेल्या रसायनाच्या जागी काय घातलं? लवचीकपणा तर हवाच होता, म्हणून अनेकांनी ट्रायफिनाइल फॉस्फेट घातलं. २०१५ मध्ये ड्यूक विद्यापीठाचे संशोधक आणि एका पर्यावरण संस्थेने २६ स्त्रियांना असं नेलपॉलिश लावायला दिलं. दहा ते चौदा तासांनी त्यांच्या लघवीत या द्रव्याच्या विघटनातून बनणाऱ्या पदार्थाचं प्रमाण जवळपास सातपट झालं होतं. हे द्रव्य संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करत असावं, असा संशय आहे. म्हणजे एक काढलं आणि त्याचा अर्धवट तपासलेला नातलग आत घेतला. मला हा या कथेतला सगळ्यात चीड आणणारा भाग वाटतो.

कायदा आता सावकाश पुढे सरकतो आहे. अमेरिकेत २०२२ अखेरच्या कायद्याने एफडीएला घातक प्रसाधनं सक्तीने परत मागवण्याचा अधिकार मिळाला. कॅलिफोर्नियाने डीबीपी आणि फॉर्मल्डिहाइडसह २४ द्रव्यांवर घातलेली बंदी १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. युरोपने १ सप्टेंबर २०२५ पासून टीपीओवर बंदी आणली. जेल नेलपॉलिश दिव्याखाली घट्ट व्हायला हे द्रव्य मदत करतं. बंदी विक्रीपुरती नाही. सलूनमध्ये पडून असलेला साठाही वापरायचा नाही.

आपल्याकडे २०२०चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत आणि कोणती द्रव्यं वापरू नयेत याची यादी भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ४७०७ या मानकात आहे. यादी कागदावर असणं आणि तिच्याबरहुकूम बाजारातल्या बाटल्या तपासल्या जाणं, यातला फरक कॅलिफोर्नियाच्या तपासणीने दाखवून दिलाच आहे. जेल नखांचे संच तर ऑनलाइन कोणीही मागवतं. त्यांतल्या हेमा या द्रव्याची ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर राहू शकते आणि पुढे दातांच्या उपचारांतही आडवी येऊ शकते. म्हणून युरोपने हेमा फक्त व्यावसायिकांच्या हाती ठेवलं आहे. हे संच घरी वापरू नका, मुलींना तर मुळीच आणून देऊ नका. आणि पार्लरमध्ये जाल तेव्हा छापावरचा आकडा बघण्याआधी खोलीत बाहेरची हवा येते का ते बघा. बंद खोलीतला साधा एसी तीच वाफ फिरवत राहतो. तुम्ही तासाभरात निघून जाल, ती मुलगी संध्याकाळपर्यंत तिथेच बसणार आहे. खिडकी उघडायला, एक्झॉस्ट पंखा लावायला मालकिणीला सांगा. गिऱ्हाइकाने सांगितलं तर त्या ऐकतात.