वजन तेवढंच, मग जिना चढताना पाय का भरून येतात? उतारवयातली चरबी आणि स्नायूंमधली ऊर्जा यांचं नातं समजून घ्या

'चाळिशीत वजन ६५ किलो होतं, आजही तेवढंच आहे,' असं अभिमानाने सांगणारे सत्तरीतले आजोबा तुमच्याही ओळखीत असतील. पण दुसऱ्या मजल्यावर जाताना तेच आजोबा मध्येच कठडा धरून थांबतात. खाली बसले की उठताना हाताचा टेकू लागतो.

वजन बदललं नाही, मग ताकद गेली कुठे?

वजनकाटा सगळ्या शरीराचा मिळून एकच आकडा दाखवतो. त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे कळत नाही. वय वाढतं तसे स्नायू कमी होतात आणि त्यांची जागा हळूहळू चरबी घेते. काट्यावरचा आकडा मात्र तसाच राहू शकतो. शिवाय जे स्नायू उरतात, त्यांच्या पेशींमध्ये ऊर्जा तयार होण्याचा वेगही मंदावतो.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे? आणि म्हातारपणी त्यावर काही उपाय करता येतो का?

स्नायूंना ऊर्जा मिळते कुठून?

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'तंतुकणिका' म्हणजेच मायटोकाँड्रिया हा शब्द वाचल्याचं आठवत असेल. पेशीचं ऊर्जाकेंद्र म्हणतात ते हेच. अन्नातून मिळालेली साखर आणि चरबी ऑक्सिजनच्या मदतीने वापरून त्या 'एटीपी' नावाचा रेणू तयार करतात. स्नायू आकसतो तो या एटीपीच्या जोरावर.

गंमत म्हणजे स्नायूत एटीपीचा साठा जेमतेम काही सेकंद पुरेल एवढाच असतो. त्यामुळे चालताना, जिना चढताना तो सतत नव्याने तयार करावा लागतो. हा पुरवठा कमी पडला की पाय लवकर थकतात.

वय वाढलं की काय बदलतं?

अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी निरोगी, सडपातळ ज्येष्ठांची तुलना तशाच शरीरयष्टीच्या तरुणांशी केली. ज्येष्ठांच्या स्नायूंमधल्या तंतुकणिकांचं काम सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळलं. त्यांच्या स्नायूंच्या पेशींमध्ये चरबीही जास्त साठलेली होती. ही माणसं लठ्ठ नव्हती, हे लक्षात घ्यायला हवं.

पिट्सबर्ग आणि मेम्फिस या शहरांमधल्या सत्तरीतल्या लोकांवर झालेल्या 'हेल्थ एबीसी' अभ्यासातून आणखी एक गोष्ट समोर आली. तीन वर्षांत पायांचे स्नायू जेवढे घटले, त्याच्या सुमारे तिप्पट वेगाने पायांची ताकद घटली. म्हणजे स्नायू किती उरलेत एवढंच पाहून भागत नाही. ते कसे काम करतात, हेही पाहावं लागतं.

यात चरबीचा संबंध कसा येतो?

चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं सामान नाही. कातडीखालची चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. पण ही जागा कमी पडू लागली की चरबी पोटातल्या अवयवांभोवती, यकृतात आणि स्नायूंमध्ये जाऊन बसते.

पोटातली चरबी शरीरात सौम्य पण सततचा दाह निर्माण करणारे पदार्थ रक्तात सोडते. स्नायूंच्या पेशींमध्ये गेलेली चरबी पूर्ण वापरली गेली नाही, तर तिच्यापासून सेरामाइडसारखे काही पदार्थ तयार होतात. ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात आणि तंतुकणिकांवरही ताण आणतात. ताणाखालची तंतुकणिका चरबी कमी जाळते. मग आणखी चरबी साचते. असं हे चक्र चालू राहतं.

हे मोजतात तरी कसं?

अमेरिकेत २०१९ पासून 'सोमा' नावाचा मोठा अभ्यास सुरू आहे. त्यात सत्तरी गाठलेले आणि त्याहून मोठे ८७९ जण सहभागी झाले. त्यांच्या मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा काढून त्यातल्या तंतुकणिका किती ऑक्सिजन वापरतात, हे प्रयोगशाळेत तपासलं गेलं. शिवाय एमआरआय यंत्रात झोपवून त्यांना पायाचा व्यायाम करायला लावला आणि थांबल्यावर स्नायू किती लवकर पूर्ववत होतात, हे मोजलं.

ज्यांच्या स्नायूंची ऊर्जा तयार करण्याची क्षमता जास्त, त्यांच्या पायांत जोर जास्त आणि दमही चांगला, असं दिसलं. शरीरात आणि स्नायूंमध्ये चरबी जास्त असेल तिथे ही क्षमता कमी असण्याकडे कल दिसला.

मग सगळा दोष चरबीचाच का?

इतकं सोपं नाही. अशा अभ्यासात दोन गोष्टी एकत्र आढळतात. पण आधी कोंबडी की आधी अंडं, हा प्रश्न उरतोच. चरबीमुळे ऊर्जा घटली, की ऊर्जा घटली म्हणून हालचाल कमी झाली आणि चरबी वाढली? बहुधा दोन्ही बाजूंनी हे घडतं.

शिवाय या समजाला छेद देणारी दोन उदाहरणं आहेत. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूंमध्येही भरपूर चरबी आढळते, पण त्यांच्या शरीरात इन्सुलिन उत्तम काम करतं. कारण ती चरबी रोज साठते आणि रोज वापरली जाते. अडचण होते ती चरबी नुसती पडून राहिली तर.

दुसरं उदाहरण भारतीयांचं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. श्रीकुमारन नायर यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं, की भारतीय वंशाच्या लोकांमध्ये इन्सुलिनचं काम बिघडलेलं असूनही तंतुकणिकांची क्षमता मात्र चांगली होती. त्यामुळे 'तंतुकणिका बिघडल्या म्हणून मधुमेह झाला' असं सरसकट म्हणता येत नाही.

'मी तर बारीक आहे' म्हणणाऱ्यांनीही हे का वाचावं?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे कागदावर दोघंही सारखेच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी आतून चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं, हे या एका फोटोने जगाला दाखवून दिलं. म्हणूनच आपल्याकडे वजनासोबत कमरेचा घेरही मोजायला सांगतात. पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेला, तर तो धोक्याचा इशारा मानतात.

म्हातारपणी यात सुधारणा होते का?

होते. आणि या विषयातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट हीच आहे.

डॉ. नायर यांच्याच गटाने २०१७ मध्ये तरुण आणि ६५ ते ८० वयोगटातले ज्येष्ठ यांच्याकडून १२ आठवडे व्यायाम करून घेतला. थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश अशा व्यायामाने तरुणांच्या तंतुकणिकांची क्षमता ४९ टक्क्यांनी वाढली. ज्येष्ठांची वाढली ६९ टक्क्यांनी!

त्याआधी १९९० मध्ये अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या १० जणांनी देखरेखीखाली ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम केला होता. व्यायाम पूर्ण करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

फक्त जेवण कमी करून चालेल का?

'वजन कमी करा' असा सल्ला मिळाला की घरातली ज्येष्ठ मंडळी आधी ताटातलं कमी करतात. इथे सावध राहायला हवं.

२०११ मध्ये लठ्ठ ज्येष्ठांवर झालेल्या एका अभ्यासात एका गटाने फक्त आहार कमी केला, तर दुसऱ्याने आहारासोबत व्यायामही केला. वर्षभरात दोघांचंही वजन जवळपास सारखंच, ९ ते १० टक्के उतरलं. पण फक्त आहार कमी करणाऱ्यांचा चरबी सोडून बाकीचा भाग, म्हणजे स्नायू वगैरे, ५ टक्क्यांनी घटला. व्यायाम करणाऱ्यांचा ३ टक्के. उठणं-बसणं, चालणं यातही व्यायामाची जोड असलेला गट पुढे होता.

घरच्या घरी काय करता येईल?

• खुर्चीची चाचणी: हात छातीवर घडी घालून खुर्चीवरून सलग ५ वेळा उठा आणि बसा. १२ किंवा जास्त सेकंद लागले, तर स्नायूंकडे लक्ष द्यायला हवं, असं आशियाई तज्ज्ञांचा २०१९ चा निकष सांगतो. चाचणी घेताना शेजारी कुणीतरी उभं असू द्या.

• चालणं आणि ताकदीचा व्यायाम, दोन्ही: जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे आणि ज्येष्ठांसाठी तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही त्यात येतात. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढ्यानेही सुरुवात होते.

• प्रथिनं: अनेक तज्ज्ञ निरोगी ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. चहा-पोळी किंवा नुसत्या आमटी-भातावर भागवलं तर एवढी प्रथिनं मिळत नाहीत. प्रत्येक जेवणात घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, अंडं किंवा मासे यांपैकी काहीतरी हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवा.

हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघ्यांचा त्रास असेल, तर जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. आणि काहीही न करता वजन घटत असेल, थोडं चाललं तरी धाप लागत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. त्यामागे वेगळा आजार असू शकतो आणि तो वेळेत तपासायला हवा.