फुटबॉलची उतरंड

म्हैसूरच्या नावाने खेळणाऱ्या संघाने संतोष करंडक चार वेळा जिंकला: १९४६-४७, १९५२-५३, १९६७-६८ आणि १९६८-६९. चारही वेळा अंतिम सामन्यात समोर बंगाल होता, आणि बंगालला नमवणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाले. पुढच्या करंडकासाठी मात्र २०२३ साल उजाडावे लागले. या दीर्घ अपयशाने राज्याचे क्रीडाजीवन कितीही म्लान झाले असले, तरी राज्याचे अस्तित्व त्याने धोक्यात आले नाही. प्रांत हरला तरी प्रांतच राहतो. क्लबाचे तसे नसते.

क्लबांच्या साखळी स्पर्धेत तळाशी राहणारा खालच्या श्रेणीत उतरतो आणि खालचा अव्वल त्याच्या जागी चढतो. इंग्लंडमध्ये १८९८ पासून हा नियम आपोआप लागू होऊ लागला. योगायोग असा की कलकत्त्याची लीगही त्याच वर्षी सुरू झाली. तेथे मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ मध्ये खालून वर येऊन पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवले, यात या नियमाचे सारे सामर्थ्य दिसते. कुळ, पैसा, नावलौकिक यांपैकी काहीही जागा राखून देत नाही. जागा गुणतक्त्याने मिळते आणि गुणतक्त्यानेच जाते. निदान तसे मानले जाते.

राष्ट्रीय पातळीवर ही व्यवस्था १९९६ नंतर आली, आणि थोड्याच वर्षांत तिचे केंद्र कोकणकिनाऱ्याकडे सरकले. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांपैकी आठ गोव्याच्या क्लबांनी जिंकले आणि उरलेला एक मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने. त्या आठांतली पाच विजेतेपदे एकट्या डेंपोची होती. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली हा संघ २००८ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला होता.

याच डेंपोच्या वाट्याला २०१४-१५ चा हंगाम आला. ३१ मे २०१५ रोजी बंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर मोहन बागानने यजमानांशी १-१ अशी बरोबरी साधून अजिंक्यपद घेतले. वरच्या टोकाचा निकाल असा चुरशीचा आणि निर्विवाद होता. खालच्या टोकाला मात्र वेगळाच प्रकार घडला. अकरा संघांत शेवटचा होता पुण्याचा भारत एफसी, डेंपो दहावा. परंतु भारत एफसीला पात्रता-सामने न खेळता थेट प्रवेश मिळाला होता आणि त्या प्रवेशाबरोबर अवनतीपासून अभयही. म्हणून अकरावा राहिला आणि दहावा उतरला. त्याहून विलक्षण गोष्ट पुढे घडली. राहिलेला भारत एफसी, पुण्याचाच पुणे एफसी आणि शिलाँगचा रॉयल वाहिंगडोह हे तिन्ही क्लब त्याच वर्षी स्पर्धा सोडून गेले. ज्याच्यासाठी पायरी राखली होती त्यानेच ती टाकली. डेंपोला मात्र कोणी परत बोलावले नाही.

पुढच्या हंगामात हाच प्रयोग पुन्हा झाला. नऊ संघांत तळाशी पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, तोही थेट प्रवेशाचा, म्हणून अभय मिळालेला. आणि आठवा राहिलेला ऐझॉल एफसी खाली. मिझोरमचा हा क्लब एक वर्षापूर्वीच चढून आला होता. इकडे डेंपोने द्वितीय श्रेणी जिंकून आपली जागा मैदानावरच परत मिळवली. नियमाचे चक्र पूर्ण होण्याची ती वेळ होती. तेवढ्यात महासंघाच्या नव्या आराखड्याची चर्चा सुरू झाली: इंडियन सुपर लीग सर्वांच्या वर जाणार, आय-लीग दुसऱ्या श्रेणीत लोटली जाणार, आणि खालून वर जाण्याचा मार्ग बंद. याच्या निषेधार्थ २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा बाहेर पडले. नुकताच चढलेला डेंपोही त्यांच्यामागे गेला. ज्या शिडीचा वरचा भाग कापला जाणार तिच्यावर उभे राहण्यात अर्थ काय, हा त्यांचा युक्तिवाद समजण्यासारखा होता. त्याची किंमत मात्र गोव्याच्या तरुण खेळाडूंनी मोजली.

रिकाम्या जागांमुळे ऐझॉलला परत घेण्यात आले. पूर्वी मुंबई एफसीचे प्रशिक्षक असलेल्या खालिद जमील यांनी त्या संघाला २०१६-१७ चे अजिंक्यपद मिळवून दिले; मोहन बागानपेक्षा अवघा एक गुण अधिक. नियमाप्रमाणे जो संघ त्या हंगामात असायलाच नको होता, तोच विजेता ठरला. जमील यांचा जुना क्लब मुंबई एफसी त्याच हंगामात तळाशी राहिला आणि पुढे बंद पडला.

डेंपो २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परतला, तृतीय श्रेणीत दुसरा येऊन. नाव तेच होते, पण एव्हाना ती लीग देशाची दुसरी श्रेणी झाली होती. त्याच्यासोबत, त्याच्याही वर राहून, चढला होता जुन्या म्हैसूर प्रांतातलाच एक क्लब, स्पोर्टिंग क्लब बंगळुरू. २०२४-२५ च्या हंगामाअखेर तो दिल्ली एफसीबरोबर खाली उतरला.