ठशावरचा ठसा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत कुकडी व घोड या नद्यांकाठची जमीन नांगराखाली आली, की मातीतून कधी खापरी, कधी मणी, तर कधी एखादे नाणे वर येते. असे नाणे हाती पडल्यावर आपल्या घरांत प्रथम काय होते? चिंच आणि राख घेऊन ते घासले जाते! काही वर्षांपूर्वी घोडेगावच्या बाजूच्या एका कुटुंबाने आम्हांस असेच एक नाणे मोठ्या कौतुकाने दाखविले. ते लख्ख चकाकत होते. मात्र त्यावरचे एकही अक्षर शिल्लक नव्हते. "फादर, याची किंमत किती येईल?" या प्रश्नावर आम्ही निरुत्तर झालो. ज्याने काही सांगावे, त्याची जीभच घासून काढली होती.

नाण्याची किंमत आणि नाण्याचे मोल या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यासाठी थोडे उत्तरेस, नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गावी जावे लागेल. तेथे १९०६ साली १३,२५० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचा अभ्यास करून तो विद्वानांपुढे मांडला. ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूस राजाचा मुखवटा व ग्रीक लिपीतील लेख, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. परंतु त्यांपैकी ९,२७० च्या आसपास नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. राजाच्या चेहऱ्यावर तीन कमानींची टेकडी उमटली, दुसऱ्या बाजूवर उज्जयिनी चिन्ह आले. पराभूताचे नाणे न वितळविता विजेत्याने ते आपल्या नावाने चालविले.

या घटनेचा जुन्नरशी निकटचा संबंध आहे. जुन्नरजवळील मानमोडी डोंगरातील लेण्यांत नहपानाचा अमात्य अयम याचा दानलेख आहे. त्यात ४६ हे वर्ष दिले असून नहपानाच्या ज्ञात लेखांतील ते सर्वांत अखेरचे होय. ही कालगणना कोणती, याविषयी मतभेद आहेत. पण जुन्नर प्रांतावर एकदा क्षत्रपांची सत्ता होती, हे दगड सांगतो, आणि ती संपली, हे नाणे सांगते. एकाची साक्ष दुसऱ्यावाचून अपुरी राहते.

आता बाजाराची कसोटी पाहू. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तेथील तांब्याच्या जुन्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी प्रतवारी सुचविली. तीच पुढे जगभर रूढ झाली. झीज किती, ठसा किती स्पष्ट, पृष्ठभागावर ओरखडे आहेत काय, हे तीत पाहतात. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांस ही रीत ठीक आहे. परंतु तिचाच डोळा घेऊन जोगलटेंभीची नाणी पाहिली, तर नहपानाचे मोडलेले नाक हा दोषच ठरेल! वास्तविक तोच घाव इतिहास आहे. म्हणून प्राचीन नाण्याची परीक्षा करताना आधी धातू, वजन, लिपी, चिन्हे आणि सापडल्याचे ठिकाण पाहावे, देखणेपणा शेवटी.

आणि येथे प्रत्येक घराला करण्याजोगे काही आहे. नाणे मुळीच घासू नये. हिरवट थर हाही त्याच्या वयाचा पुरावा असतो. त्याचे छायाचित्र मात्र अवश्य घ्यावे. नाणे साध्या एकरंगी कागदावर ठेवावे, शेजारी सेंटिमीटरची पट्टी असावी आणि कॅमेरा बरोबर वर धरावा. फ्लॅश वापरू नये. खिडकीतून तिरपा येणारा सकाळचा उजेड पुरे. अशा प्रकाशात उठावाची सावली पडते आणि पुसट अक्षरेही वर येतात. नाणे थोडे थोडे फिरवून दोन्ही बाजूंची चित्रे घ्यावीत. मागे वजन, गाव, शेत आणि तारीख लिहून ठेवावी. ठिकाण हरवलेले नाणे म्हणजे पत्ता हरवलेले पत्र.

कायदाही ठाऊक असावा. १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. सापडणाऱ्याचा हक्कही हा कायदा मानतो. तेव्हा भीतीपोटी साठा वाटून घेण्याचे कारण नाही. विखुरलेला साठा पुन्हा जुळत नाही. जोगलटेंभीची नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती, तर चांदी उरली असती. सातकर्णीचा विजय आपल्याला इतका स्पष्ट कळला नसता.

त्या कुटुंबाने ते गुळगुळीत नाणे अजून देवघरातल्या डबीत जपून ठेवले आहे. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्याच बांधावर आणखी एक सापडले. या वेळी घरच्या मुलीने ते मातीसकट कागदात गुंडाळून आणले आणि कागदावर शेताचे नाव लिहिले होते. त्याची किंमत आम्हांस आजही सांगता येणार नाही. परंतु ते नाणे अजून बोलू शकते.